दीड मिनिटाचं काम आणि नंतरचे सहा महिने

ॲब्लेशन झालं त्याला परवा सहा महिने झाले. लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेलं, आणि खरं सांगायचं तर आधी लिहिलं असतं तर चुकीचंच लिहिलं असतं, कारण पहिल्या आठवड्यात मला वाटत होतं सुटले एकदाची, आणि दुसऱ्या आठवड्यात वाटत होतं सगळं फुकट गेलं. दोन्ही वेळा अंदाज चुकला. आता जरा अंतर पडलंय पण अजून सगळं लख्ख आठवतंय, तर लिहून टाकते.

आधी हे नेमकं असतं काय ते सांगते, कारण मलाही वर्षभरापूर्वी हा शब्द माहीत नव्हता. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि पाळीत गळून जातं, पण अगदी तळाचा एक पातळ थर मागे राहतो आणि त्याच्यातूनच पुढच्या महिन्यात नवीन अस्तर उगवतं. ॲब्लेशनमध्ये हा तळाचा थरच जाळतात, काही पद्धतींत गोठवतात, म्हणजे पुन्हा उगवायला मूळ राहत नाही. पिशवी जागच्या जागी राहते, बीजकोशांना हात लावत नाहीत, पोटावर टाका नाही की कापाकापी नाही, सगळं खालच्या वाटेने. आधी डॉक्टर दुर्बिणीतून बघत बघत एकेक भाग हाताने जाळायचे, त्याला खूप सराव लागायचा. मग १९९७ मध्ये अमेरिकेत बलूनच्या पद्धतीला मान्यता मिळाली, त्यात पिशवीत फुगा घालतात आणि त्यातलं द्रव साधारण ८७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ८ मिनिटं ठेवतात. माझी रेडिओफ्रिक्वेन्सीवाली, म्हणजे विजेच्या लहरींनी जाळायची होती, ती २००१ पासून वापरात आहे. बारीक नळीतून एक जाळी आत जाते आणि पिशवीच्या आकारात उघडते, मशीन आधी थोडा गॅस सोडून कुठे छिद्र नाही ना ते तपासतं आणि मग जाळायला सुरुवात होते. प्रत्यक्ष जाळायला लागतात सरासरी दीड मिनिट, जास्तीत जास्त दोन.

दीड मिनिट! हे ऐकूनच मी हो म्हटलं होतं खरं तर. इतकी वर्षं जे छळतंय ते दीड मिनिटात संपणार.

किती छळत होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साधारण चाळिशीपासून मला अंगावरून खूप जायला लागलं. पाच दिवसांचे सात झाले, मग नऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासाला पॅड, मोठाल्या गाठी, रात्री दोनला आणि साडेचारला मोबाईलवर अलार्म, कारण अलार्म न लावता झोपले की गादीपर्यंत जायचं. गडद रंगाच्या चादरी आणि गडद रंगाच्या सलवारी, एवढंच कपाटात उरलं होतं. कुठल्या मीटिंगला जायचं असलं की तारीख बघायची, मग खुर्चीवरून उठायच्या आधी मागच्या बाईला डोळ्यांनी विचारायचं की काही दिसतंय का. हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि मी हे सगळं नॉर्मल समजत होते हो. वय झालं की असं होतं, प्रत्येकीला होतं, पाळी जायच्या आधी एकदा जोर करतेच, असंच सगळ्या सांगायच्या. डॉक्टर ८० मिलीच्या वर रक्त गेलं की त्याला जास्त म्हणतात हे मला नंतर कळलं. साधारणपणे एका पाळीत तीस-चाळीस मिली जातं. साधं पॅड पूर्ण भिजलं की अंदाजे ५ मिली धरतात, म्हणजे सोळा पॅडमध्ये तुमची हद्द संपली. माझे सोळा पॅड दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपायचे. मोजत बसलं तर तीन मिनिटांत कळलं असतं पण मोजायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही.

शेवटी जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागले तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. फेरिटिन म्हणून एक तपासणी असते, शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते त्यात दिसतं, ते माझं ५ आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का तुम्हाला?" मी नुसती बघतच राहिले. दोन वर्षं मी फ्रीज उघडून बर्फाचे खडे कडाकडा चावून खात होते, भर पावसाळ्यात, रात्री उठून सुद्धा, आणि घरात सगळ्यांना वाटायचं मला उष्णतेचा त्रास आहे. लोह कमी असल्याचं ते लक्षण असतं. गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत ती इच्छाच गेली. ट्रे भरलेला असायचा आणि मला आठवायचाही नाही.

उपचार सगळे करून झाले होते बरं का, थेट ॲब्लेशनवर उडी मारलेली नाही. रक्त कमी जाण्याच्या गोळ्या (ट्रानेक्झॅमिक ॲसिड) घेतल्या, फरक पडला पण पुरेसा नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी डोकं धरायचं. हार्मोनवाली तांबीसारखी असते ती पिशवीत बसवली, ती खूप जणींना लागू पडते आणि आधी तीच करून बघा असंच बहुतेक डॉक्टर सांगतात, मला मात्र आठ महिने थेंब थेंब चालूच राहिलं, शेवटी काढली. त्या आधी एका ठिकाणी गेले होते तिथे पाच मिनिटांत ऐकवलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका." बायोप्सी नाही, दुसरा पर्याय सांगणं नाही, माझं वय विचारलं तेवढंच. पिशवी काढणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, कितीतरी जणींना तेच योग्य असतं, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तो निर्णय पाच मिनिटांत, माझ्याकडे न बघता, असा कुणी घ्यावा याचा मला आजही राग येतो.

नंतरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, अस्तराची बायोप्सी घेतली कारण आत काही वाईट नाही याची खात्री केल्याशिवाय ॲब्लेशन करायचंच नसतं, आणि मग समोर बसवून सांगितलं. पुढे मूल हवं असेल तर हे नाही. ॲब्लेशन म्हणजे कुटुंबनियोजन नव्हे, यानंतर दिवस राहू शकतात आणि राहिले तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो, म्हणून पाळी जाईपर्यंत गर्भनिरोधक हवंच. माझी ट्यूब दुसऱ्या मुलाच्या वेळीच बांधलेली होती त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण त्या बांधलेल्या ट्यूबचा पुढे एक वेगळाच विषय निघाला, त्यावर येते. दोन महिने हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी थांबवून लोह सुरू केलं, हिमोग्लोबिन ९.८ झालं आणि तारीख ठरली.

त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उपाशीपोटी गेले, भूल दिली, जाग आली तेव्हा झालेलं होतं, संध्याकाळी घरी.

कळा मात्र सांगायला हव्यात. शुद्धीवर आले तेव्हा ओटीपोटात जी कळ होती ती पाळीच्या कळेपेक्षा जास्त आणि बाळंतकळेपेक्षा कमी, अशी मधली कुठेतरी, आणि तीही थांबून थांबून नाही, सलग. पहिले सात-आठ तास वाईट. पिशवी आतून भाजलेली असते आणि ती आकसत असते, त्यामुळे नुसत्या पॅरासिटामॉलने भागत नाही, आयब्रुफेन जातीच्या गोळ्या लागतात, अर्थात ज्यांना ॲसिडिटी-अल्सर, किडनी किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. सिस्टरनी एक गोष्ट सांगितली ती फार उपयोगी पडली. म्हणाल्या, "दुखायची वाट बघू नका, घड्याळ बघून घ्या." पहिल्या रात्री मी नेमकं तेच केलं नाही, दहाच्या गोळीनंतर बरं वाटलं म्हणून पुढची टाळली आणि पहाटे तीनला पलंगाच्या कडेला पोट धरून बसले होते, नवरा गरम पाण्याची पिशवी भरून आणतोय आणि विचारतोय, "अगं, फोन करू का डॉक्टरांना?" गोळी घेतल्यावर चाळीस मिनिटांत ओसरलं. त्यानंतर दोन दिवस घड्याळ लावून घेतल्या.

अजून एक, पहिल्या दिवशी सारखी लघवीला लागत होती, अर्ध्या अर्ध्या तासाला, आणि मला वाटलं मूत्राशयाला काही इजा झाली की काय. तसं होतं पहिला दिवसभर, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं. लघवी होतच नसेल तर मात्र लगेच कळवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा निम्म्यावर, तिसऱ्या दिवशी फक्त कंबर जड. चौथ्या दिवशी मी कामावर.

इथे चुकले.

म्हणजे ॲब्लेशनच्या दृष्टीने नाही चुकले, बहुतेक जणी दोन-चार दिवसांत कामाला लागतात आणि डॉक्टरांनीही हो म्हटलं होतं. पण दुपारी दोन वाजता मी टेबलावर डोकं ठेवलं ते वरच होईना. अंगात त्राणच नाही. दुखत काहीच नव्हतं, ताप नव्हता, नुसतं आतून कुणीतरी वीज बंद केल्यासारखं. घरी येऊन रडले. आई फोनवर म्हणाली, "अगं पण ते छोटंसंच असतं ना, तूच म्हणालीस दीड मिनिटाचं." तिचं चूक नव्हतं, मी तिला तसंच सांगितलं होतं, मी स्वतःलाही तसंच सांगत होते. सगळ्यांनाच मी छोटंसं छोटंसं म्हणून सांगितलेलं, मग आता कुणाला सांगू की मला उठवत नाहीये.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी कागदावर एक हिशोब मांडून दाखवला, तो मी जपून ठेवलाय. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ८० मिली गेलं की ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आपलं शरीर दिवसाकाठी जेवणातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेतं, आणि त्यातलं एक रोजच्या झिजेतच संपतं. आता ज्या बाईचं महिन्याला दोनशे मिली जातंय तिचे शंभर मिलिग्रॅम गेले आणि हातात आले पाच-पंचवीस. दर महिन्याला. चार वर्षं. "तुम्ही आजारी पडलात त्या ऑपरेशनमुळे नाही," त्या म्हणाल्या, "ऑपरेशनने फक्त गळती थांबवली. टाकी अजून रिकामीच आहे, ती भरायला वेळ लागणार." तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणजे अंगातलं सगळं रक्त नव्या, नीट लोह असलेल्या पेशींचं व्हायला चार महिने तरी हवेत, आणि हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही कोठार भरायला आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या असतात.

हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं फार वाटतं. मी कशातून बरी होतेय तेच मला माहीत नव्हतं. मी दीड मिनिटातून बरी व्हायला बघत होते आणि शरीर चार वर्षांतून बरं व्हायला बघत होतं. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी आणखी एक आठवडा रजा टाकली, दुपारी झोपायला लागले आणि झोपल्याबद्दल स्वतःला बोल लावणं थांबवलं.

आता त्या स्रावाबद्दल, कारण याच्याबद्दल मोकळेपणी कुणी बोलत नाही आणि घाबरायला सगळ्यात जास्त इथेच होतं. पहिले दोन दिवस थोडं रक्त. मग पातळ, पाण्यासारखं, फिकट गुलाबी. पॅड लागतंच, टॅम्पॉन वगैरे अजिबात नाही, कारण आत सगळी जखम आहे, इन्फेक्शनला वाट करून द्यायची नाही, त्याच कारणासाठी पोहणं आणि संबंधही डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद, मला दोन आठवडे सांगितले होते. मला वाटलं रोज कमी कमी होत जाईल. आठव्या दिवसापर्यंत झालंही. आणि नवव्या दिवशी सकाळी उभी राहिले तर एकदम पाणी गेल्यासारखं झालं, तपकिरी-गुलाबी, मध्ये राखाडी बारीक तुकडे. मी बाथरूममध्ये तशीच भिंतीला टेकून उभी होते. मनात पहिला विचार आला की झालं, परत सुरू झालं, सगळं वाया गेलं. फोन केला तर पलीकडून शांतपणे प्रश्न: ताप आहे? नाही. वास येतोय? नाही. दुखणं वाढलंय? नाही. तासाला पॅड भिजतंय? नाही. मग भाजलेला थर सुटून येतोय, येऊ दे. असं दोन ते चार आठवडे चालतं. माझं चोविसाव्या दिवशी थांबलं.

ते प्रश्न मात्र पाठ करून ठेवा. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ च्या वर ताप, घाण वास, कमी झालेलं दुखणं परत वाढत जाणं, तासाला पॅड भिजेल इतकं रक्त, सततच्या उलट्या, लघवी न होणं. यातलं एकही असेल तर उद्या बघू म्हणायचं नाही. जाळताना पिशवीला छिद्र पडणं किंवा आतड्याला चटका बसणं क्वचितच होतं, पण होऊ शकतं, आणि झालं तर वेळ फार महत्त्वाची असते.

मग सुरू झालं वाट बघणं. ॲब्लेशन लागू पडलं की नाही हे निदान तीन महिने तरी ठरवता येत नाही, कारण आत जखम भरून खपली धरायलाच तेवढा वेळ जातो. सातव्या आठवड्यात पाळी आली, दोन दिवस, अगदी थोडी. मी घरभर सांगत सुटले. तिसऱ्या महिन्यात आली ती चार दिवस, आणि दुसऱ्या दिवशी चांगलीच, आणि त्या रात्री मी अंधारात मोबाईल घेऊन दोनचा आणि साडेचारचा अलार्म परत लावला. नवऱ्याने विचारलं काय करतेस, मी म्हटलं काही नाही. दोनला उठले. पॅड जवळजवळ कोरडं होतं. साडेचारला उठले, तेच. पण नंतरचे दोन दिवस अलार्म काढायचं धाडस झालं नाही. इतक्या वर्षांची भीती आहे, ती अस्तराबरोबर जळत नाही. चौथ्या महिन्यात नुसते डाग. त्यानंतर नाहीच.

इथे एक गैरसमज काढून टाकते, मला तीन जणींनी विचारलं, "म्हणजे तुझी पाळी गेली आता?" नाही. पाळी जाणं म्हणजे मेनोपॉज बीजकोशांमुळे येतो आणि ते माझे व्यवस्थित चालू आहेत. महिन्याचे ते चार दिवस चिडचिड, छाती जड होणं, सगळं तसंच आहे, फक्त रक्त नाही. मला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं, सगळी लक्षणं यायची आणि पुढे काहीच नाही. आता तारखेवर खूण करून ठेवते. शिवाय सगळ्यांची पाळी पूर्ण थांबते असंही नाही. बहुतेक जणींचं जाणं कमी होतं, पूर्ण थांबतं ते त्यातल्या काहींचंच, आणि साधारण पाचातल्या एकीला पुढच्या काही वर्षांत पुन्हा काहीतरी करावं लागतं, बऱ्याचदा पिशवी काढणंच. पंचेचाळिशीच्या आत केलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त. आणि अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं असेल, ॲडेनोमायोसिस म्हणतात त्याला, तर वरचा थर जाळून दुखणं जात नाही, म्हणून आधी सोनोग्राफी नीट बघून घेतलेली बरी. मी त्रेचाळीसची आहे. हा आकडा मला माहीत आहे, मी तो धरून चालते.

आणि आता तो ट्यूबचा विषय. पाचव्या महिन्यात, पाळीची तारीख होती त्याच सुमारास, उजव्या बाजूला खाली दुखायला लागलं. रक्त अजिबात नाही. एक दिवस, दुसरा दिवस, मग कमी. मला डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं झालं तर अंगावर काढायचं नाही. कारण असं की कोपऱ्यात कुठे थोडं अस्तर जिवंत राहिलं तर ते दर महिन्याला रक्त करतंच, पण जखमेने वाट बंद झालेली असते, मग ते आतच साठतं. आणि ज्यांच्या ट्यूब बांधलेल्या असतात त्यांच्यात ते मागे ट्यूबमध्ये शिरून तिथेच अडकू शकतं, महिन्याच्या महिन्याला दुखतं. हे कधीकधी दोन-तीन वर्षांनीही सुरू होतं, तोपर्यंत बाई ॲब्लेशन विसरून गेलेली असते आणि पोटदुखीची भलतीच औषधं चालू असतात. माझी सोनोग्राफी केली, काही साठलेलं दिसलं नाही, सहाव्या महिन्यात दुखलंही नाही. लक्ष ठेवायला सांगितलंय. पण तुमच्या ट्यूब बांधलेल्या असतील तर हे करायच्या आधीच डॉक्टरांशी या विषयावर बोला, आणि नंतर कधीही पोटासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिल्या वाक्यात सांगा की ॲब्लेशन झालंय.

तसंच पुढे खऱ्या अर्थाने पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासायचं, ॲब्लेशन झालंय म्हणून सोडून द्यायचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणीही नेहमीसारखी चालूच ठेवायची, ते तोंड जाळलेलं नसतं. आणि पुढे कधी हार्मोनचे उपचार घ्यायची वेळ आली तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, प्रोजेस्टेरॉनचीही जोड लागते, कारण अस्तराचे तुकडे कुठेतरी शिल्लक असू शकतात. हे मी माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, दहा वर्षांनी मला आठवेल याचा भरवसा नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिची पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. एका संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, माझे पण सात दिवस जातात, ते बरोबर आहे का?" मी पहिलं तोंडात आलेलं उत्तर गिळलं. होतं गं असं, हेच येणार होतं तोंडात, मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. मग आम्ही दोघींनी तिच्या वहीत रकाने आखले, दिवस, किती पॅड, किती भिजलेलं, गाठी आहेत का. तीन महिने लिहिलं. सगळं हद्दीत होतं. तरी तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घेतलं.

परवा माझेही रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १२.६. फेरिटिन ३४, पाच होतं ते. डॉक्टर म्हणाल्या अजून हवंय, गोळ्या आणखी तीन महिने, मग परत रक्त तपासू. येताना लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने आले, मधल्या पायरीवर न बसता, आणि दार उघडून आधी गोळी घेतली.